मोबाइलचा डिस्प्ले फुटला? दुकानात जाण्याआधी हे वाचा : नेमकं काय तुटलं, खर्च किती, फसगत कुठे होते

मोबाइल खाली पडायला निमित्त लागत नाही. ट्रॅक्टरवरून उतरताना, धार काढायला बसताना, विहिरीवर मोटर चालू करायला वाकलं की वरच्या खिशातला फोन सरळ दगडावर. कधी काहीच होत नाही, कधी एका कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरतात. पूर्वी बटणांचा फोन पडला तर बॅटरी बसवून पुन्हा चालू व्हायचा. आताच्या फोनचं तसं नाही. बँकेचे व्यवहार, ई-पीक पाहणी, पीएम किसानची केवायसी, दूध डेअरीचा हिशेब, पोरांचा अभ्यास, नुकसानीचे काढून ठेवलेले फोटो, सगळं त्याच काचेमागे असतं. काच गेली की माणूस अडतो, आणि अडलेला माणूस घाईत पैसे देऊन बसतो. म्हणून स्क्रीन बदलण्याची ही माहिती एकदा वाचून ठेवलेली बरी.

स्क्रीन म्हणजे नुसती काच नव्हे

आपण ज्याला डिस्प्ले म्हणतो तो तीन थरांचा असतो. सगळ्यात वर संरक्षणाची काच. तिच्या खाली बोट ओळखणारा थर, म्हणजे टच. त्याच्या खाली चित्र दाखवणारं पॅनल. पूर्वीच्या फोनमध्ये हे थर वेगवेगळे असायचे, त्यामुळे टच गेला तर फक्त टच बदलता यायचा. आताच्या बहुतेक फोनमध्ये तिन्ही थर पारदर्शक गोंदाने एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात. काही पॅनलमध्ये तर टच वेगळा नसतोच, पॅनलच्या आतच बसवलेला असतो. म्हणून दुकानदार सांगतो, ‘पूर्ण कॉम्बो बदलावा लागेल.’ कॉम्बो किंवा फोल्डर म्हणजे हे तिन्ही थर एकत्र.

पॅनलचे मुख्य प्रकार दोन. एलसीडी आणि अमोलेड. एलसीडीला मागून दिव्याचा उजेड लागतो. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, काळा रंग दाखवायचा तर तो ठिपका चक्क बंद होतो. अमोलेड पातळ आणि महाग, एलसीडी जाड आणि स्वस्त. आपल्या फोनमध्ये कोणतं आहे ते खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघता येतं. हे माहीत असणं महत्त्वाचं, कारण दुरुस्तीतला निम्मा घोळ इथेच होतो.

काय तुटलंय ते घरीच ओळखा

दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं फोन नीट बघा.

आधी टेम्पर्ड गार्ड काढून बघा. बऱ्याचदा फुटलेला असतो तो वरचा गार्ड, खालची काच शाबूत असते. गार्ड शंभर-दोनशेत होतो, डिस्प्ले हजारांत जातो. गार्ड काढताना बोटाला टोचू नये म्हणून वर रुंद चिकटपट्टी लावा आणि कोपऱ्यातून हळू उचला.

काचेवर रेघा आहेत, पण चित्र स्वच्छ आहे आणि बोट सगळीकडे चालतं, तर फक्त वरची काच गेली.

चित्र दिसतंय, पण एका पट्ट्यात बोट चालत नाही, किंवा हात न लावता आपोआप बटणं दाबली जातात, तर टच गेला.

काळे-जांभळे डाग शाईसारखे पसरतायत, उभ्या-आडव्या रंगीत रेघा आहेत, किंवा अर्धा भाग काळा आहे, तर आतलं पॅनल गेलं. अमोलेडवरचा काळा डाग बहुतेक वेळा दिवसागणिक वाढत जातो. त्यामुळे असा डाग दिसला की आधी डाटा काढून घ्या.

पूर्ण काळोख आहे, पण दुसऱ्या फोनवरून कॉल लावला की रिंग वाजते, तर फोन जिवंत आहे, डिस्प्ले तरी गेला किंवा आतली पट्टी निसटली. रिंगही वाजत नसेल तर बोर्ड किंवा बॅटरीचा दोष असू शकतो. तिथे नुसता डिस्प्ले बदलून उपयोग नाही.

फोन पडलेलाच नाही आणि अचानक हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली, तर तो पॅनलचा दोष असतो. अशा रेघेसाठी काही कंपन्यांनी ठराविक मॉडेलचे डिस्प्ले फुकट बदलून दिलेले आहेत. म्हणून बाहेर पैसे घालवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि डिस्प्ले एका बाजूने आपोआप वर उचलला गेलेला दिसला तर तो दाबून बसवू नका. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि आधी बॅटरीचं काम करा.

फुटल्याबरोबर करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. काचेचे बारीक कण बोटात, कानात, लहान मुलांच्या हातात जातात.

दुसरी, ओलावा टाळा. रेघ पडली की फोन पाण्याला उघडा झाला. फवारणी, पाऊस, घामाचा खिसा, यातलं काहीही आत जाऊ शकतं. आधी काहीशे रुपयांत भागणारं काम मग बोर्डापर्यंत जातं. फोन भिजलाच तर तांदळात किंवा धान्यात पुरू नका. धान्याची धूळ आणि कण आत शिरतात. ॲपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांना तांदळाचा उपाय करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. फोन बंद करून हवेशीर जागी ठेवा.

तिसरी, टच आपोआप चालत असेल तर फोन लगेच बंद करा. अशा फोनवरून नको त्या माणसाला कॉल जातो, मेसेज जातो. चुकीचा पिन वारंवार दाबला जाऊन फोन लॉकही होतो.

चौथी, बोट अजून चालत असेल तर वाट न बघता फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. आज चालणारा टच उद्या चालेलच असं नाही.

टच गेला, पण आत कामाचे फोटो आहेत

चित्र दिसतंय पण बोट चालत नाही, अशा वेळी एक साधा उपाय आहे. बाजारात शंभरेक रुपयांत ओटीजी कनेक्टर मिळतो. तो फोनच्या चार्जिंगच्या खाचेत घालायचा आणि त्याला कॉम्प्युटरचा साधा माउस जोडायचा. स्क्रीनवर बाण दिसतो, माउसने लॉक उघडता येतो, बॅकअप घेता येतो. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेत माउस असतोच. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस अशा काही फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. त्यामुळे त्या फोनवर हा उपाय दर वेळी चालत नाही.

चित्रच दिसत नसेल तर डाटा डिस्प्ले बदलल्यावरच हाती येतो. डाटा डिस्प्लेत नसतो, बोर्डावर असतो. डिस्प्ले बदलला म्हणून फोटो जात नाहीत. ‘डिस्प्ले टाकायला फोन रिसेट करावा लागेल’ असं कोणी म्हणालं तर का ते विचारा. डिस्प्ले बदलायला रिसेटची गरज नसते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र आपल्या नियमाप्रमाणे डाटा पुसण्याची लेखी संमती मागू शकतं. तिथे सही करण्याआधी वाचा.

अडलेली कामं कशी करायची

फोन दुरुस्तीला गेला म्हणून ओटीपी अडायला नको. सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, साधा बटणांचा फोनही चालतो. ओटीपी सिमवर येतो, हँडसेटवर नाही. सिम ई-सिम असेल तर ते असं काढता येत नाही, कंपनीच्या दुकानात जावं लागतं.

दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये सिम घालून यूपीआय चालू करायचं तर ॲप पुन्हा नोंदवावं लागतं. नवीन हँडसेटवर सुरुवातीला रकमेवर मर्यादा येऊ शकते. खत-बियाणांचं मोठं पेमेंट त्याच दिवशी असेल तर आधीच दुसरी सोय करा. आणि काम झाल्यावर दुसऱ्याच्या फोनमधून आपलं खातं काढायला विसरू नका.

व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करताना जुना बॅकअप परत आणायचा का असं विचारतं. तिथे घाईने ‘नको’ करू नका. नको केलं आणि नंतर नव्या फोनचा बॅकअप त्याच गुगल खात्यावर गेला, तर जुना पुसला जातो.

ई-पीक पाहणीची मुदत चालू असेल तर दुसऱ्याच्या स्मार्टफोनवरूनही आपल्या गटाची पाहणी नोंदवता येते, फक्त शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. पीएम किसानची केवायसी सेवा केंद्रात बोटाच्या ठशावरही होते. म्हणजे फुटलेल्या डिस्प्लेपायी सरकारी काम बुडू देण्याचं कारण नाही.

सर्व्हिस सेंटर की तालुक्याचं दुकान?

फोन वॉरंटीत असला तरी पडून फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी बनावटीच्या दोषासाठी असते. फोन घेताना वेगळे पैसे भरून अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तर मात्र ते बघा. बिलासोबतच्या कागदात असतं, आणि अनेकांना आपण ते घेतलंय हेच लक्षात नसतं. त्यात कळवण्याची मुदत आणि काही रक्कम आपण भरण्याची अट असते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पॅनल अस्सल मिळतं, पक्कं बिल मिळतं, बदललेल्या भागावर ठराविक दिवसांची हमी मिळते. तोटा असा की सेंटर बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, भाडं आणि दिवस जातो, पार्ट नसला तर पुन्हा खेप. म्हणून निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा : या मॉडेलचा डिस्प्ले आहे का, जीएसटी धरून एकूण किती, आणि किती दिवस लागतील. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या साइटवर मॉडेलप्रमाणे पार्टची किंमत देतात. ती आधी बघून ठेवली तर तालुक्यातल्या दुकानात भाव करायला आधार मिळतो.

तालुक्याच्या दुकानात काम तासा-दोन तासांत होतं, ओळखीचा माणूस असतो. पार्ट बहुधा जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या मनीष मार्केट, दिल्लीच्या गफ्फार मार्केट अशा ठोक बाजारातून आलेला असतो. चांगले कारागीर तालुक्यातही आहेत. प्रश्न हाताचा कमी आणि पार्टचा जास्त असतो. वॉरंटी शिल्लक असलेला फोन बाहेर उघडला तर उरलेली वॉरंटी जाते, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. फोन नवा असेल तर हे धरून निर्णय घ्या.

ओरिजिनल, कॉपी आणि त्यातले प्रकार

दुकानात ‘ओरिजिनल टाकू की कॉपी?’ असा प्रश्न येतो. ओरिजिनल या शब्दाचे बाजारात अनेक अर्थ आहेत. कंपनीचं नवं पॅनल एक. दुसऱ्या फोनमधून काढलेलं अस्सल पॅनल दुसरं. अस्सल पॅनलवर नवी काच चिकटवलेलं तिसरं. आणि चांगल्या प्रतीची नक्कल, जिला काही जण सर्रास ओरिजिनल म्हणतात, ती चौथी. म्हणून ‘ओरिजिनल ना?’ असं विचारू नका. ‘हे पॅनल कुठून आलं, नवं की काढलेलं, एलसीडी की अमोलेड, आणि किती दिवसांची हमी?’ असं विचारा.

सगळ्यात मोठी गोम इथे आहे. ज्या फोनमध्ये अमोलेड होतं त्यात स्वस्तातली एलसीडी नक्कल बसवता येते. फोन चालू होतो, चित्र दिसतं, गिऱ्हाईक घरी जातं. मग लक्षात येतं की उन्हात दिसत नाही, कडेला जाड काळी पट्टी आली, डिस्प्ले फ्रेमच्या वर उचललेला आहे, बॅटरी लवकर उतरते. डिस्प्लेखाली बोटाचा ठसा घेणारा फोन असेल तर ठसा चालणं बंद होतं, कारण तसा सेन्सर एलसीडीतून बघू शकत नाही.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फोनमध्ये पूर्ण काळं चित्र उघडा, उजेड पूर्ण वाढवा आणि अंधाऱ्या खोलीत किंवा ओंजळीत धरून बघा. अमोलेड असेल तर काळा भाग बंद फोनसारखा गडद दिसतो. एलसीडी असेल तर करडा उजेड झिरपताना दिसतो.

पैसे कमी म्हणून एलसीडी नक्कल घेणं यात चूक काही नाही, जुन्या फोनला ती पुरते. पण अमोलेडचे पैसे देऊन एलसीडी घरी आणणं हा तोटा आहे.

फक्त काच बदलून भागतं का?

चित्र आणि टच दोन्ही चांगलं असेल तर नुसती वरची काच बदलता येते. त्यासाठी फोनचा डिस्प्ले साधारण ८० अंशांच्या आसपास तापवून बारीक तारेने काच सोडवतात, जुना गोंद साफ करतात, नवा पारदर्शक गोंदाचा थर लावून यंत्रात हवेचे बुडबुडे काढत नवी काच दाबतात. हे यंत्र प्रत्येक दुकानात नसतं, तालुक्यातून पॅनल जिल्ह्याला पाठवतात. काम स्वस्त पडतं आणि अस्सल पॅनल टिकतं. धोका एवढाच की काढताना पॅनल फुटू शकतं, अमोलेड तर फारच नाजूक. म्हणून काम देण्याआधी ठरवा : पॅनल फुटलं तर नुकसान कोणाचं? हे आधी बोललं गेलं नाही तर भांडण ठरलेलं.

अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. काच फुटलेलं पण चित्र चांगलं असलेलं जुनं पॅनल भंगार नसतं. काच बदलणारे कारागीर ते विकत घेतात. कॉम्बो बदलताना जुनं पॅनल परत मागा, नाहीतर त्याचे पैसे बिलातून वजा करायला सांगा.

खर्च किती धरावा

किंमत मॉडेलवर ठरते, पण अंदाज असावा. दहा-पंधरा हजारांच्या एलसीडी फोनचा कॉम्बो तालुक्यात मजुरी धरून साधारण दीड ते अडीच हजारांत बसतो. अमोलेडचं अस्सल पॅनल बहुधा चार हजारांच्या पुढेच जातं, महागड्या फोनचं दहा हजारांवरही. वाकड्या कडांचा डिस्प्ले सगळ्यात महाग.

हिशेब सोपा ठेवा. आज हा फोन विकला तर किती येतील? दुरुस्तीचा खर्च त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर थांबा. त्यात फोनला कंपनीचे अपडेट बंद झालेले, बॅटरी दमलेली, तर नवा किंवा चांगला जुना फोन घेतलेला परवडतो. पण आत महत्त्वाचा डाटा अडकला असेल तर हा हिशेब बदलतो. तेव्हा साधी नक्कल टाकून डाटा काढून घेणंही शहाणपणाचं.

फोन दुकानात देताना

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. डिस्प्ले बदलायला दोन्ही लागत नाहीत.

पिन किंवा पॅटर्न सांगू नका. ‘टेस्टिंगसाठी लागतो’ असं सांगतात, पण लॉक न उघडताही इमर्जन्सी कॉलच्या आकड्यांवर टच तपासता येतो. काम झाल्यावर तुम्हीच समोर उघडून दाखवा. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि गुगल पिक्सेलमध्ये रिपेअर मोड अशी सोय आहे. ती चालू केली की कारागिराला फोन चालवता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज, बँकेचे ॲप दिसत नाहीत. टच चालत असेल तर ती वापरा. घरातल्या बायका-मुलींचे फोन दुकानात देताना ही काळजी घ्याच.

*#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लिहून ठेवा. डिस्प्ले बंद असेल तर तो खोक्यावर आणि बिलावरही असतो. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. फोन ठेवावाच लागला तर पावती घ्या आणि तिच्यावर मॉडेल, आयएमईआय, पॅनलचा प्रकार, ठरलेली रक्कम आणि हमी लिहून घ्या.

काम कसं होतं, ते बघता यावं म्हणून

चांगला कारागीर आधी फोन बंद करतो. मागचं झाकण किंवा डिस्प्लेची कड कोमट तापवून प्लास्टिकच्या पातळ पत्तीने उचलतो. स्क्रू काढताना ते ज्या जागेचे त्या जागी वेगळे ठेवतो, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात बसवला तर बोर्डाला भोक पडतं आणि फोन कायमचा जातो. मग सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी सोडवतो. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची पट्टी काढली-लावली तर शॉर्ट होऊन डिस्प्लेचा उजेड जाऊ शकतो.

नवं पॅनल चिकटवण्याआधी नुसतं जोडून चालू करून बघतो. तुम्हीही तेव्हाच बघा. चिकटवल्यावर दोष निघाला तर परत काढताना पॅनल फुटतं आणि कोण भरणार हा वाद होतो. मग फ्रेम साफ करून गोंद लावतो आणि क्लिप किंवा रबर लावून दाबून ठेवतो. गोंद पूर्ण पक्का व्हायला एक-दोन दिवस लागतात. तोवर फोन मागच्या खिशात घालू नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आणि एक लक्षात ठेवा. खोक्यावर पाण्यापासून संरक्षण लिहिलेलं असलं तरी एकदा उघडलेल्या फोनवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

पैसे देण्याआधी काय तपासाल

कोणतंही ॲप बोटाने धरून स्क्रीनभर आडवं-उभं फिरवा. मधेच सुटलं तर तिथे टच मेला आहे. कीबोर्ड उघडून प्रत्येक अक्षर दाबा. पूर्ण पांढरं चित्र उघडून डाग आणि पिवळेपणा बघा, पूर्ण काळं उघडून उजेड बघा. सॅमसंगच्या फोनमध्ये *#०*# दाबलं की रंग आणि टच तपासायचा पडदाच उघडतो.

मग कॉल लावा. कानाला धरल्यावर स्क्रीन बंद होते का, समोरच्याचा आवाज येतो का, पुढचा कॅमेरा स्वच्छ आहे का, बोटाचा ठसा चालतो का, चार्जिंग होतं का, हे बघा. दुकानाबाहेर येऊन उन्हात स्क्रीन वाचता येते का तेही बघा. शेतात वापरायचा फोन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तपासून उपयोग नाही.

हातातल्या व्हिडिओ गेमची स्क्रीन फुटली तर

शहरातल्या नातेवाइकाकडून आलेला किंवा जुना घेतलेला हातातला गेम काही घरांत असतो. त्याचं काम मोबाइलपेक्षा बऱ्याचदा सोपं असतं. सोनीच्या पीएसपीला टच नाही, नुसतं एलसीडी पॅनल पट्टीने जोडलेलं आहे. फक्त १०००, २००० आणि ३००० या मालिकांची पॅनल एकमेकांना बसत नाहीत, म्हणून मागवण्याआधी मागचा मॉडेल नंबर बघा. निंटेंडोच्या २०१७ च्या स्विचमध्ये टच आणि एलसीडी वेगवेगळे आहेत. काच फुटली आणि चित्र चांगलं असेल तर फक्त टचचा भाग मागवून भागतं. त्याचे काही स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजतं. २०२१ च्या ओलेड स्विचचा डिस्प्ले मात्र चिकटवलेला एकसंध आहे, तो पूर्णच बदलावा लागतो.

जत्रेत आणि ऑनलाइन मिळणारे चारशे गेमवाले स्वस्त खेळ दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. पार्ट आणि मजुरी मिळून नव्या गेमइतकाच खर्च येतो. त्यातली बॅटरी काढून वेगळी ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका.

घरी बदलावं का?

व्हिडिओ बघून अनेक पोरं घरी प्रयत्न करतात. जुना, बंद पडलेला, डाटा नसलेला फोन असेल तर शिकायला हरकत नाही. चार्जिंग २५ टक्क्यांच्या खाली उतरवून, बॅटरीची पट्टी आधी सोडवून, धातूची टोकदार पट्टी बॅटरीखाली न घालता काम करावं. डोळ्यांवर चष्मा हवा. पण रोजच्या वापराच्या फोनवर पहिला हात साफ करू नये.

फसगत झाली तर

एका आठवड्यात टच बिघडला आणि दुकानदार हात वर करतोय, अशा वेळी बिल नसेल तर बोलायला जागा राहत नाही. म्हणून जीएसटीचे पैसे वाचवायला बिल सोडू नका. निदान शिक्क्याची पावती आणि यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद हवी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे न सुटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर अनेक कंपन्यांची सर्व्हिस सेंटर, पार्ट आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळते.

पुन्हा फुटू नये म्हणून

मोबाइलची काच पोटॅशियमच्या गरम क्षारात बुडवून कडक केलेली असते. सपाट पडली तर बहुधा वाचते, पण बारीक टोकदार खड्यावर पडली की तो खडा कडक थर भेदतो आणि तडा जातो. खिशातल्या किल्लीपेक्षा खिशातली वाळू जास्त वाईट. वाळूतली गारगोटी काचेहून कठीण असते, किल्लीचं लोखंड नसतं. आधी ओरखडा पडतो, आणि पुढच्या वेळी फोन पडला की तडा त्याच ओरखड्यापासून सुरू होतो.

म्हणून चारी कोपरे झाकणारं आणि स्क्रीनच्या कडेपेक्षा थोडं उंच असलेलं रबरी कव्हर घ्या. गार्डाला तडा गेला की तो लगेच बदला. शेतात जाताना फोन वरच्या उघड्या खिशात नको, चेनच्या खिशात किंवा गळ्यातल्या पाकिटात ठेवा.

थोडक्यात

गार्ड काढून खात्री करा. चिकटपट्टी लावा, डाटा काढा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. कंपनीची किंमत आधी बघा. पॅनलचा प्रकार आणि हमी लिहून घ्या. पिन सांगू नका. चिकटवण्याआधी चालू करून बघा, उन्हात तपासा, जुनं पॅनल आणि बिल मागा. फुटलेली जुनी पॅनल आणि बॅटरी उकिरड्यावर किंवा जाळात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्या.